वाचक वर्णने का गाळतो?

वाचनालयात कादंबरी परत करावयास आलेल्या वाचकाला "कशी वाटली?" म्हणून विचारावे, तर पुष्कळदा एक उत्तर ठरलेले असते : "गोष्ट छान आहे. वर्णने तेवढी गाळून वाचली." हे सांगताना त्याच्या स्वरात थोडा ओशाळेपणा असतो. ताटात वाढलेले काही टाकून आपण पानावरून उठलो, असे त्याला वाटत असावे. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. या दोन्ही व्यवसायांमुळे हे उत्तर माझ्या कानांवर वरचेवर पडते, आणि त्याची एकदा नीट चौकशी करावी असे फार दिवस मनात होते. वाचक नेमके काय गाळतो? आणि गाळण्याचा दोष कोणाच्या पदरी घालायचा, वाचणाऱ्याच्या की लिहिणाऱ्याच्या?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. विद्वान टीकाकार म्हणतात, सामान्य वाचकाला 'पुढे काय झाले' एवढीच भूक असते. भाषेचे सौंदर्य त्याला पचत नाही. उलट बाजूची मंडळी म्हणतात, लोकांना गोष्ट हवी असते, ती साध्या भाषेत सांगा आणि मोकळे व्हा. पहिल्या पक्षाला साधी गोष्ट 'सपक' वाटते, दुसऱ्याला नटलेली भाषा 'शब्दबंबाळ' वाटते. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. महाविद्यालयात साहित्यशास्त्र शिकण्याचा योग मला आला नाही. तेव्हा शास्त्राच्या राजरस्त्याने न जाता, आपण बहुतेकांनी वाचलेल्या पुस्तकांच्या पायवाटेने जाऊन काय दिसते ते पाहू.

मौज अशी, की 'कादंबरी' हा शब्दच आपण एका वर्णनप्रचुर ग्रंथाकडून उसना घेतला आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाची 'कादंबरी' ही संस्कृत गद्याचे शिखर मानली जाते. तीत एकेक वाक्य पानेच्या पाने चालते. विशेषणांमागून विशेषणे येतात, उपमेच्या खांद्यावर उपमा बसते, आणि क्रियापदाची वाट पाहता पाहता आजच्या वाचकाचा चहा निवून जातो. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडालकन्या पोपट घेऊन येते आणि तो पोपट गोष्ट सांगू लागतो. एवढी कुतूहलाची सुरुवात! पण पोपटाने तोंड उघडण्यापूर्वी राजाचे, सभेचे आणि त्या कन्येचे वर्णन ऐकावे लागते. बाण ग्रंथ अपुरा ठेवून वारला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने पुरा केला, हेही प्रसिद्धच आहे.

यावरून बाणाला हसणे मात्र सोपे आणि चुकीचे होईल. त्याचा श्रोता दरबारातला होता. त्याला घाई नव्हती. श्लेष उकलला की मान डोलावणे, उपमेची गाठ सुटली की शेजाऱ्याकडे पाहणे, हाच त्याचा आनंद होता. बाण त्या श्रोत्याशी इमानाने वागला. अडचण पुढे आली. छापखाने आले, पुस्तक घराघरांत जाऊ लागले, दिवसभराची कामे आटोपून दिव्यापाशी बसणारा नवा वाचक तयार झाला. आणि लेखणीला मात्र जुन्या दरबाराची सवय राहिली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मराठी माणसाला कल्पित गोष्ट वाचण्याची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांतील वने, उपवने आणि सुंदरी यांची वर्णने कोणत्याही पानावरून उचलून दुसऱ्या कोणत्याही पानावर ठेवावीत, गोष्टीचे काही बिघडत नाही. वर्णन गाळण्याची पहिली सवय वाचकाला येथेच लागली असावी, असा माझा तर्क आहे.

या ठिकाणी हरिभाऊ आपटे येतात. त्यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली सुरू झाले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही यमूची कहाणी त्यातून क्रमशः लोकांपुढे आली. हरिभाऊंना पाल्हाळाची आवड नव्हती असे त्यांचा भक्तही म्हणणार नाही. पण या कादंबरीत त्यांनी एक गोष्ट केली आणि तिने सगळे पालटले. त्यांनी सांगण्याचे काम यमूकडे दिले. आता घराचे वर्णन येते ते घरात वावरणाऱ्या मुलीच्या तोंडून. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोण कोणाशी कुजबुजले, बोलणे कोठे तुटले, हे सारे तिला दिसते, कारण त्यावर तिचा दिवस सुखाचा जाणार की दुःखाचा हे अवलंबून असते. ती पाल्हाळ लावते तेव्हाही तो तिचा पाल्हाळ असतो. बिचारीला बोलायला दुसरे कोणी आहे कोठे? म्हणूनच नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते, तो प्रसंग आपल्याला सहन होत नाही. आपण त्या घरात इतकी पाने तिच्याबरोबर राहिलेलो असतो. तो संसार आधी सावकाश दाखवलेला नसता, तर ही एक करुण बातमी झाली असती.

येथे आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हाती लागते. वर्णन लांब की आखूड, साधे की अलंकृत, हे नंतरचे. आधी विचारावे, हे कोणाच्या डोळ्यांनी दिसते आहे, आणि त्या माणसाचे त्यात काय गुंतले आहे? ज्यात पात्राचे काही गुंतलेले नाही ते वाचक गाळतो.

ही कसोटी पुढच्या काळाला लावून पाहू. फडके आणि खांडेकर यांचा वाद आपल्या वडीलधाऱ्यांनी चवीने वाचला. ना. सी. फडके यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधना'त कथालेखनाचे तंत्र मांडले. कथानकाची बांधणी, उत्कंठा, प्रसंगांची जुळणी या गोष्टी शिकता येतात, हे त्यांनी आत्मविश्वासाने सांगितले. त्यांची स्वतःची भाषा नितळ आणि डौलदार. ती गोष्टीच्या आड येत नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतले दिवाणखाने आणि बागा मात्र इतक्या नीटनेटक्या, की तेथे कोणी केर काढत असेल असे वाटत नाही. वर्णन ओझे होत नाही, पण अंगाला चिकटतही नाही.

वि. स. खांडेकरांची गोष्ट निराळी. १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवलेल्या या मास्तरांचा अलंकार निसर्गापेक्षा विचाराचा आहे. त्यांची उपमा माणसाच्या मनाबद्दल असते. त्यांच्या वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या नाहीत अशी वाचनालयाची प्रत मला अजून सापडलेली नाही. १९५९ ची 'ययाति' घ्या. तीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. रचना उत्तम आहे. पण वाचताना जाणवते, की तिघांनाही उपमा एकाच कोठारातून मिळालेल्या आहेत. संतापलेली देवयानी आणि भोगात बुडालेला ययाती एकाच लयीत बोलू लागले, की पात्र मागे सरते आणि खांडेकर पुढे येतात. तरीही वाचकाने त्यांना डोक्यावर घेतले आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा घराघरांत आनंद झाला. याचे कारण मला असे दिसते, की पुढे आलेला तो लेखक वाचकाच्या दुःखाविषयी कळवळ्याने बोलत होता. सुंदर वाक्य एवढेच त्याचे भांडवल नव्हते. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी वाक्ये घेतली आणि कळवळा तेथेच राहिला.

दुसऱ्या टोकाला बाबूराव अर्नाळकर. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक टीकाकारांच्या पंक्तीला कधी बसला नाही, पण झुंजार आणि काळापहाड यांनी जेवढ्या मुलांना वाचनाची सवय लावली तेवढी आम्हा मास्तरांना लावता आली असती तर काय हवे होते! तेथे वर्णनाला जागाच नाही. दारावर टकटक होते, दिवा मालवतो, आणि पान उलटते. ही कला सोपी नव्हे. एका वाक्याने दुसऱ्याला ढकलीत नेणे किती अवघड असते हे लिहून पाहणाऱ्यालाच कळेल. या वेगाची किंमत मात्र द्यावी लागते. पुस्तक मिटल्यावर नायकाचे नाव आठवते, पण तो ज्या खोलीत कोंडला होता ती आठवत नाही. तेथे राहायला आपण कधी गेलेलोच नसतो.

मग साधेपणा आणि समृद्धी एका घरात नांदतात काय? नांदतात, आणि त्याचा दाखला म्हणून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे मी पुन्हा पुन्हा जातो. १९५५ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला एक कोवळा मास्तर पायी चालत तेथे जातो, शाळा भरवतो, वाडीचा होतो, आणि शेवटी दुष्काळात ती वाडी उठून जाताना पाहतो. एवढीच गोष्ट. वाक्ये आखूड, उपमा मोजक्या. कोणी म्हणेल, येथे वर्णन कोठे आहे? ते नामांमध्ये आहे. प्रत्येक वस्तूला तिचे खरे नाव मिळाले आहे, म्हणून तिला विशेषणाची गरज पडत नाही. शेकूची बायको बैलाच्या जागी जू मानेवर घेते, तेथे लेखक आपला आवाज चढवीत नाही. त्याने फक्त पाहिलेले सांगितले आहे. हा लेखक चित्रकारही होता. रेघ कोठे थांबवावी हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'चे. येथे कथानक जवळजवळ नाहीच. मुंबई सोडून एक म्हातारा राजमाचीवर येऊन राहतो, आणि पाने भरतात ती झाडांनी, पाखरांनी, जनावरांनी, उन्हापावसाने. नियमाप्रमाणे ही कादंबरी वाचकाने सबंध गाळायला हवी होती! पण तो ती मन लावून वाचतो, कारण बुधाला दुसरे गणगोत उरलेले नाही. झाड आणि खार हीच त्याची माणसे. तेथे रानाचे वर्णन म्हणजे त्याच्या संसाराचे वर्णन आहे. एकाने वर्णन जवळजवळ अदृश्य केले, दुसऱ्याने त्यालाच गोष्ट केले, आणि दोघेही वाचकाच्या मनात राहिले. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात गोष्ट आणि दुसऱ्यात वर्णन घालून शेर-छटाकांनी मोजण्याचा उद्योग व्यर्थ आहे.

आता ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांचा विचार केल्यावाचून सुटका नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ ची आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ ची. दोहोंची भाषा भरजरी. मग साध्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्या याच वाचकाने त्या डोक्याशी घेऊन झोपावे, हे कसे? मला वाटते, येथे गोष्ट आधीच ठाऊक असते. थोरले माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार, कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतणार, हे वाचकाला पहिल्या पानाआधीच माहीत असते. 'पुढे काय' हा प्रश्न मिटलेला असतो. 'ते कसे सोसले' हा प्रश्न उरतो. अटळ शेवटाकडे जाताना पावले जड पडतात आणि त्या जड पावलांना जड भाषा शोभते. 'मृत्युंजया'त कर्णाप्रमाणे कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्णही बोलतो. एकाच माणसाकडे इतक्या जणांनी पाहिल्यामुळे अलंकारालाही निरनिराळ्या बाजू मिळतात. या पुस्तकांतही काही उतारे ओझ्याचे आहेत, हे त्यांच्या चाहत्याने मान्य करावे. पण खरे नुकसान केले ते अनुकरणाने. त्यानंतर शेला, शिरपेच, मोत्यांचा तुरा आणि हंड्याझुंबरे यांच्या याद्या म्हणजेच इतिहास, अशी समजूत पसरली. यादी वाण्याच्या दुकानात उपयोगी असते. कादंबरीत ती पेशव्याच्या अंगावर असली तरी यादीच.

ठाऊक असलेली गोष्ट रंगवून सांगण्याची विद्या आपल्याकडे कीर्तनकारांची. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना पाठ असते, तरी बुवा स्वयंवराचा मंडप उभा करतात आणि लोक तल्लीन होतात. बुवांपाशी एक सोय असते, जी लेखकापाशी नसते. श्रोते त्यांच्या समोर बसलेले असतात. मागल्या रांगेत चुळबुळ झाली, की बुवा पेटीवाल्याकडे पाहतात, एक पद उचलतात आणि गोष्ट पुढे हलते. लेखकाने ही मागली रांग मनात बसवून घ्यावी. सोपा उपाय म्हणजे लिहिलेले मोठ्याने वाचणे. पूर्वी घरात एक जण वाची आणि बाकीचे ऐकत. हल्ली मोबाइलवर कादंबऱ्या ऐकणारे पुष्कळ झाले आहेत. डोळ्यांना परिच्छेद गाळता येतो, कानाला तो सहजासहजी गाळता येत नाही. तो तेथे कंटाळतो आणि यंत्र बंद करतो.

आजच्या लेखकापुढे आणखी एक फरक आहे. शंभर वर्षांपूर्वी समुद्र किंवा हिमालय न पाहिलेल्या वाचकाला तो दाखवणे हे वर्णनाचे एक कामच होते. आज खेड्यातल्या पोरानेही दोन्ही पडद्यावर पाहिले आहेत. दाखवण्याचे काम चित्राने उचलले. लेखकाकडे उरले आहे ते, पाहणाऱ्याच्या जिवाला काय झाले ते सांगणे. एक साधे उदाहरण घेऊ. एक बाई अकरा वर्षांनी माहेरच्या वाड्यात पाऊल टाकते. सागवानी खांब, कडीपाट, तुळशीवृंदावन आणि मावळतीची किरणे यांचा परिच्छेद कोणालाही लिहिता येईल. पण तिला काय दिसेल? झोपाळ्याच्या कड्या तशाच लोंबताहेत आणि फळी नाही. वडिलांची टोपी अडकवायची ती खुंटी रिकामी आहे. काळोखात तिचा हात न चाचपडता कोनाड्यात जातो आणि बोटाला जुनी काजळी लागते. येथे एकही अलंकार नाही, पण तिच्या अकरा वर्षांचा हिशेब झाला. हा परिच्छेद गाळून पुढे जाणारा वाचक विरळा.

हे सारे मी कादंबरीपुरते बोलत असतो, तर एवढा आग्रह धरला नसता. मला चिंता आहे ती वर्गातल्या मुलांची. आपल्याकडे वर्णन लिहिण्याचा पहिला धडा 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात मिळतो. मार्गदर्शक पुस्तकांत तो तयार असतो : मेघराजाचे आगमन, धरणीमातेने नेसलेला हिरवा शालू, मोराचा पिसारा. शेतकऱ्याचा मुलगा तो पाठ करतो. ज्याने आदल्याच दिवशी बापाबरोबर तिफण धरली, वाफसा आला की नाही हे ढेकूळ मुठीत चुरून पाहिले, पेरणीनंतर पावसाने दडी मारली म्हणून आई रात्री जागी राहिलेली पाहिली, तो मुलगा कागदावर मोर नाचवतो! आपल्याला ठाऊक असलेले लिहिण्याजोगे नाही आणि लिहिण्याजोगे ते आपले नाही, हे त्याला त्या वयात पटवले जाते. पुढे त्यातला एखादा लेखक होतो आणि आयुष्यभर मोर नाचवीत राहतो. उरलेले वाचक होतात आणि मोर आला की पान उलटतात. 'साधी भाषा की समृद्ध भाषा' हा वाद मला म्हणूनच लटका वाटतो. तिफण, वाफसा, ढेकूळ हे शब्द साधे आहेत की समृद्ध, सांगा पाहू!

अण्णा भाऊ साठे जेमतेम शाळेत गेले, आणि १९५९ साली त्यांनी 'फकिरा' लिहिली. वारणेकाठची माणसे आणि माती त्यांना कोणत्या निबंधमालेतून शिकावी लागली नाही. त्यांची भाषा कोठे भडक होते, कोठे वेगाने धावते. पण गावाचा मान राखण्यासाठी जीव देणारा माणूस ज्या वाटेने धावतो, ती वाट लेखकाच्या पायाखालची आहे, ही खात्री वाचकाला पहिल्यापासून असते. खात्री असली, की वाचक भाषेचे पुष्कळ काही सोसतो.

आपल्याकडे दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने रूढ केली असे मानतात. एकच अंक घरात आजीपासून नातीपर्यंत फिरतो, हे या प्रथेचे सर्वांत मोठे सुख. आजीला सावकाश रंगवलेले आवडेल, नातीला घाई असेल. दोघींना एकाच पानावर थांबवणे हे आम्हा लोकप्रिय म्हणवणाऱ्या लेखकांचे काम आहे, आणि ते हलके समजण्याचे कारण नाही. वाचकांना माझी विनंती एवढीच, की वर्णन गाळून वाचल्याबद्दल ओशाळू नका. या दिवाळीत हाती येईल ती कथा वाचताना जेथे पान उलटावेसे वाटेल, तेथे पेन्सिलीने एक बारीक खूण करा. आणि जेथे गोष्ट पुढे जात नसूनही तुम्ही थांबलात, तेथे दुसरी खूण करा. अंक घरात फिरून आला म्हणजे खुणा ताडून पाहा. आजीची आणि नातीची दुसरी खूण एकाच ठिकाणी पडली, तर त्या लेखकाला दोन ओळींचे पत्र अवश्य टाका.